खिडकीपुरता उजेड

रविवार, ९ तारीख

तुझ्या त्या टोळीला आधी आवर. काल पोरांना सुट्टी, भर दुपारी मी जरा पाठ टेकली होती, तर लंबू दारात उभा, हातात मोजपट्टी, आणि म्हणतो, "आजी, कपाट तेवढं हलवायचंय." कोणाचं कपाट? तुझं. कोणाला विचारून? तर म्हणे तुझी परवानगी आहे. म्हणजे घर माझं, भिंत माझी, कपाटाखालचा केर काढून वाकली ती कंबर माझी, आणि परवानगी देणार तू, तीही तिकडून फोनवर! गेलीस ती गेलीस, वर ही पोरं माझ्या उंबऱ्यावर सोडून गेलीस, कोणी मांजरीची पिल्लं सोडून जावं तशी. आता ती रोज येतात, दूध मागतात आणि जात नाहीत.

चि. भिंगरीस आजीचा आशीर्वाद.

आता रीतसर लिहिते. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो माझ्याशी नीट वागलाय कधी? डोळ्यांत थेंब घालायचे असतात ते शेजारची नर्सबाई कामावर जाता जाता घालून जाते. घालताना मला लहान पोरीसारखं "मावशी, वर बघा, वर बघा" करते. छताला कुठे कुठे ओल आहे ते मला पाठ झालंय. दुसऱ्या बाजूचे सलूनवाले भावजी होते तसेच आहेत. भिंतीपलीकडे त्यांचा रेडिओ आणि अलीकडे माझं ओरडणं, असा आमचा संसार चाललाय. तुझा बाप बोटीवर. कुठल्या समुद्रात आहे ते त्याला तरी ठाऊक आहे की नाही कोण जाणे. माझं अक्षर तू ओळखतेसच, चार इयत्तांचं आहे. पेन्सिलीने लिहितेय, कारण पेनाने चूक झाली की ती तशीच माझ्याकडे बघत बसते.

तुझं पत्र पोचलं. तिकडच्या त्या बंद पडलेल्या लाँड्रीत तुम्ही पोरांनी नाटकाचं, चित्रांचं केंद्र उघडलं, ते चाललं, आणि आता तिथले लोक म्हणतात आणखी तीन वर्षं राहा आणि हे सगळं तूच चालव. चांगलं आहे. शेवटी तू लिहिलंयस, "आजी, तू सांगशील तसं. राहा म्हणालीस तर राहीन, ये म्हणालीस तर येईन."

त्याचं मी नंतर बघते. घाईचं काम नाही ते.

सहा महिन्यांसाठी म्हणून गेली होतीस, एवढीच आठवण करून देते.

तर तुझ्या टोळीचं. लंबू फोनवर तुला "मस्त चाललंय" म्हणत असणार. त्याला घर पेटलं तरी मस्तच वाटेल, उजेड किती छान पडलाय म्हणेल. खरं काय चाललंय ते मी सांगते.

तू जाताना कागदावर काढून गेलीस ते असं, की आपल्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्यांना पांढऱ्या चादरी लावायच्या, मागे दिवा, आणि काठीला लावलेली पुठ्ठ्याची मुलगी चादरीजवळून चालवायची. तिच्या हातात पेटी. लोक खाली रस्त्यात उभे राहून तिची सावली बघणार. जिन्याकडच्या पहिल्या खिडकीत ती घर सोडते आणि एकेका खिडकीतून चालत चालत दुसऱ्या टोकाला जाऊन गावाबाहेर पडते. एका घरातून ती पार झाली की त्या घराने पुढच्याची भिंत ठोकायची आणि दिवा विझवायचा. पुढच्याने लावायचा. मुलगी काही भिंतीतून जात नाही, म्हणून ज्याने त्याने आपली मुलगी कापायची. पेटी मात्र सगळ्यांची एका मापाची, म्हणजे खालच्यांना कळावं की पोरगी तीच. हे सगळं तुझ्याच डोक्यातलं. आणि कागद भिंतीला चिकटवून स्वतः पेटी घेऊन निघालीस.

पोरं कामाला वाईट नाहीत, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही. लंबू दिवसभर औषधांच्या दुकानात उभा असतो, ती घोगरी बालवाडीतल्या पोरांवर ओरडून आवाज घालवून येते, आणि संध्याकाळ झाली की ह्यांना अंगात आल्यासारखं होतं. पुलाखाली गाण्यांची बैठक यांचीच. भंगारातल्या बसमध्ये चित्रं लावली ती यांनीच. रस्ता तासभर बंद ठेवायला परवानगी हवी, तर घोगरी त्या ऑफिसात जाऊन बसली. साहेब म्हणाला उद्या या, ही म्हणाली मी उद्यापर्यंत इथेच बसते. तिच्या आवाजाला कंटाळूनच सही केली असेल त्याने.

पण ज्याने त्याने मुलगी कापायची म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. सलूनवाल्या भावजींची पुठ्ठ्याची पोरगी म्हणजे पोर कमी आणि केस जास्त. नर्सबाईची इतकी ताठ, की गाव सोडायला नाही, कोणाला तरी इंजेक्शन द्यायला निघालीय. टोकाच्या टॅक्सीवाल्याने हौसेने एवढी मोठी कापली की तिचं डोकं खिडकीत मावत नाही. दिसतात ते दोन पाय आणि पेटी. तो म्हणतो, "अहो, जवळ आल्यावर माणूस मोठंच दिसतं!"

आणि पहिली तालीम! लंबू रस्त्यात उभा राहून खालून ओरडतोय, "उजवीकडे! तिला उजवीकडे घ्या!" अरे दिवट्या, तू आमच्याकडे तोंड करून उभा, तुझं उजवं ते आमचं डावं. अर्ध्या घरांनी त्याचं ऐकलं, अर्ध्यांनी भिंतीच्या ठकठकीचं ऐकलं. मग पोरगी पहिल्या खिडकीतून निघाली, दुसऱ्या खिडकीत वळून घरी परत. भावजींकडे पुन्हा निघाली, नर्सबाईकडे पुन्हा माघारी. गाव सोडणारी मुलगी राहिली बाजूला, दर दारात किल्ली विसरलेली बाई झाली ती. खालचा पंक्चरवाला हसून हसून चाक सोडून रस्त्यावर बसला. शेवटी घोगरीने फर्मान काढलं, उजवं-डावं आजपासून बंद. एक "जिन्याकडे" आणि एक "टोकाकडे". तिसरी दिशाच नाही.

माझी खिडकी त्या दिवशी अंधारातच होती. मी आधीच सांगितलं होतं, मला ह्यात धरू नका. रस्त्याकडची खिडकी आहे तुझ्या खोलीला. तिथे दिवा ठेवायचा तर कपाट हलणार, पलंग सरकणार, तुझ्या भिंतीवरच्या त्या चिटोऱ्या फाटणार. मला धुळीचा त्रास होतो. एवढंच कारण.

म्हणून काल लंबू पट्टी घेऊन आला. मागून घोगरीही आली. लंबू म्हणतो, "पण आजी, खोली रिकामीच आहे ना?"

"रिकामी कोण म्हणालं?"

"नाही म्हणजे... ती नाही ना इथे."

"बाहेर गेलीय ती. तुझी आई बाजारात गेली की तिचा पलंग विकून टाकतोस का रे?"

तो बिचारा पट्टी गुंडाळायला लागला. एवढा लांब माणूस, पण जागच्या जागी दुमडतो. घोगरीने चहा संपवला आणि म्हणाली, "राहू दे रे. आजींना नको तर नको. ह्यांची खिडकी अंधारी ठेवू. मुलगी सलूनवाल्यांकडे दिसेल, मधे काही नाही, मग नर्सबाईंकडे दिसेल. लोक समजून घेतात."

मी सहज विचारलं, "आणि मधल्या वेळात ती कुठे असेल?"

"असेल की. चालत असेल."

"अंधारातून?"

"हो."

"एकटी?"

"एकटीच, आजी. दुसरं कोण आहे गोष्टीत?"

दोघं गेली. मी कप घासले. मग काही कारण नसताना सगळी भांडी काढून पुन्हा घासली. तुला माहीत आहे मी काही हळवी बाई नाही. तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, तुला कडेवर घेऊन मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रडायला सवड लागते. आणि पुठ्ठ्याला काय कळतं, उजेडातून चाललोय की अंधारातून? पण म्हटलं, पलीकडे तिला कोण काय देतंय ते आपल्या हातात नाही. आपल्या खिडकीपुरता उजेड द्यायला आपलं काय जातं?

खिडकी उघडून रस्त्यात हाक मारली. दोघं पंक्चरवाल्याकडेच उभी होती, जणू हाकेची वाट बघत. आगाऊ मेली. सांगितलं, कपाट हातभर हलवा, त्यापुढे बोटभर नाही. आणि भिंतीवरच्या कागदांना हात लावलात तर तो हात घरी नेता येणार नाही.

कपाटाखाली तुझी चप्पल निघाली. एकच. दुसरी घालून गेली आहेस की काय?

तुझ्या प्रश्नाचं विसरले नाही. हे एकदा पार पडू दे.

आजी


मंगळवार, २५ तारीख

चि. भिंगरीस आशीर्वाद.

लंबूने तुला फोन करून सांगितलंच असेल की पहिल्याच दिवशी आजीने घोळ घातला. त्याने सांगितलं ते खरं नाही. भावजींनी काही सांगितलं असेल तर तेही खरं नाही, त्यांनी माझी बाजू घेतली आहे. मी सांगते ते खरं. आणि शेवटपर्यंत वाच, अर्ध्यात टाकून फोन करायला धावू नकोस. फोनवर मी हे बोलणार नाही.

आधी मुलगी कापण्यापासून. पुठ्ठा लंबूने आणून दिला, कात्री माझी. पहिली मुलगी मानेतच तुटली. दुसरी माणूस कमी आणि मडकं जास्त झाली. तिसरी जमली. कान जरा बाहेर आले. एक गुडघा आत वळला, चालताना पाऊल तिरकं पडावं तसा. मी मुद्दाम केलेलं नाही, कात्री तशी गेली. भावजी बघायला आले. बराच वेळ उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "वहिनी, ही कोण ते विचारत नाही."

"पुठ्ठा आहे."

"पुठ्ठाच आहे. फक्त केसांचं वाटोळं केलंत तुम्ही." आणि खिशातून त्यांची ती बारीक कात्री काढून कपाळावरचे केस नीट करून दिले. तू लहानपणी त्यांच्याकडे केस कापायला बसायचीस तेव्हा जशी मान धरायचे, तशीच हिची धरली होती.

मग तो दिवस. खाली किती माणसं जमली होती मला ठाऊक नाही, मी आत होते. पण आवाज येत होता. चपलांचा, खोकल्यांचा, "ओ, पुढे सरका की" चा. मग घोगरीने काहीतरी खूण केली असावी, सगळं गप्प झालं. आमच्या मजल्यावर मिट्ट काळोख. मी तुझ्या पलंगावर बसलेले, मांडीवर ती पोरगी, आणि कान भावजींच्या भिंतीला. तू उशिरा यायचीस तेव्हा मी असाच जिन्याकडे कान लावून बसायचे, आणि पाऊल वाजलं की तोंडावरून पांघरूण ओढून घोरायला लागायचे. तुला वाटायचं आजी झोपली. तुला बऱ्याच गोष्टी वाटतात.

ठकठक झाली. मी दिवा लावला. पोरीला जिन्याच्या बाजूने आत घेतली आणि चालवत चादरीच्या मधोमध आणली. आता पुढे काम केवढंसं! तिला टोकाकडे न्यायची, नर्सबाईची भिंत ठोकायची, दिवा घालवायचा. तालमीत दहा वेळा केलेलं. पलीकडे नर्सबाईच्या खुर्चीचा आवाजसुद्धा आला मला, ती उठून तयार झाली होती.

आणि मी पोरीला वळवली.

लंबू म्हणतो आजींचं उजवं-डावं चुकलं. भावजींनी मजलाभर तेच सांगितलं, ह्या वयात होतं म्हणून. मीही हो म्हटलं, सोपं पडतं. पण आता उजवं-डावं होतंच कुठे? "जिन्याकडे" आणि "टोकाकडे" एवढंच होतं, आणि आपला जिना कुठे आहे ते मी आंधळी झाले तरी चुकणार नाही. मी तिला जिन्याकडे वळवली, ती जिन्याकडे जावी म्हणून. घरी. आलीस तशी परत जा म्हटलं. बास झालं.

चादरीच्या कडेपर्यंत नेली आणि भावजींची भिंत ठोकली.

भिंतीतून आवाज आला, दबका. "वहिनी?"

"हं."

"पोरगी तुमच्याकडे आहे."

"परत आलीय."

"परत? कशाला?"

"विसरली असेल काहीतरी."

त्यांनी ते मानलं. दिवा लावला. त्या माणसाला मी आयुष्यभर रेडिओवरून शिव्या घातल्या, पण पोर दारात उभी म्हटल्यावर त्यांनी दिवा लावला. मी माझा घालवला आणि काळोखात उभी राहिले. बाहेर रस्त्यावर एक माणूस बोलत नव्हता. खाली घोगरी होती, तिचा आवाज फुटका असला तरी पोचतो, तीही ओरडली नाही. मला वाटलं आता भावजी तिला घेऊन पुढच्या भिंतीकडे जातील, मग तिथून पहिल्या खिडकीत, मग जिना. झालं. संपलं. घरी आली.

पण ते तिला घेऊन तिथेच थांबले. जरा वेळाने पुन्हा भिंतीतून, "वहिनी."

"काय आहे?"

"हिला मागे नेऊ म्हणता?"

मी काळोखात काठी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"नेतो तुम्ही म्हणाल तर. पण पेटी हातात घेतलेल्या पोरीला असं उभं ठेवणं बरं दिसत नाही हो. धड आत नाही, धड बाहेर नाही. हात भरून येतात."

"तुमचे की तिचे?"

"तिघांचे," म्हणाले, आणि भिंत ठोकली.

तेव्हा मी दिवा लावला, पोरीला पुन्हा आत घेतली आणि ह्या वेळी टोकाकडे चालवली. सावकाश. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा वळवली असती. नर्सबाईची भिंत ठोकली. तिच्याकडे उजेड झाला, तिची ती ताठ बाहुली ताडताड निघाली. माझं काम झालं म्हणून मी पलंगावर बसले.

दिवा घालवायचा राहिला.

तो मुद्दाम नाही, तो खरंच राहिला. दिवा माझ्या मागे आणि मी चादरीसमोर, त्यामुळे माझी अख्खी सावली रस्त्याला दिसत होती आणि मला पत्ताच नाही. तिकडे पोरगी नर्सबाईकडून पुढे, तिथून टॅक्सीवाल्याकडे, त्याचे ते दोन पाय आणि पेटी गावाबाहेर गेली, आणि इकडे मधल्या खिडकीत एक म्हातारी मांडीवर काठी घेऊन बसलेली. मला आठवडाभर सर्दी आहे. मी नाक पुसलं तेसुद्धा सगळ्या शहराने बघितलं.

टाळ्या वाजल्या त्या उशिरा वाजल्या. मला वाटलं, संपला ह्या पोरांचा खेळ, बुडवला मी. इतक्या दिवसांची यांची धावपळ, ती त्या साहेबाची सही, सगळं. घोगरी जिने चढून धापा टाकत आली. मी जीभ परजून बसले होते, ती एक बोलली तर मी चार ऐकवणार होते. ती सरळ जमिनीवर बसली, माझ्या गुडघ्याला डोकं टेकून. दुखऱ्या गुडघ्याला, अर्थातच. मग म्हणाली, "आजी, उद्या असंच."

"कसंच?"

"दिवा घालवायचा नाही. कोणीच नाही. ती गेली की घरातलं माणूस तिथेच बसून राहील. सगळ्या खिडक्यांत."

लंबू दारातून म्हणाला, "पण आपल्या कागदावर तर तसं..."

"कागद जिने लिहिला ती इथे आहे का?" घोगरी म्हणाली. तो दुमडला.

मी विचारलं, "आणि परत वळवायची?"

"ते नाही," म्हणाली. "ते एकदाच, आजी. तेवढं झालं आता."

तेव्हापासून रोज तसंच करतात. मुलगी पुढे पुढे जाते आणि मागे एकेका खिडकीत माणूस बसलेलं राहतं, शेवटी सगळा मजला उजळलेला आणि पोरगी कुठेच नाही. भावजी नुसते बसून कंटाळले म्हणून हातात कंगवा घेऊन बसतात. टॅक्सीवाल्याची बायको म्हणते मी विणताना दिसले पाहिजे, तिने त्यासाठी नवीन सुया आणल्या. लोक दुसऱ्या दुसऱ्या भागांतून येतात. पंक्चरवाला त्यांना गोष्ट आधीच सांगून टाकतो, त्याला कोणीतरी आवरा.

काल मी खाली उतरले. घोगरी म्हणाली, आजी, तुम्ही एकदा तरी बघा, तुमच्या खिडकीत मी बसते. लंबूच्या दंडाला धरून एकेक पायरी उतरले. त्याने मला एकदाही "सावकाश" म्हटलं नाही म्हणून त्याला मी आता जरा माणसात धरते. रस्त्याच्या पलीकडे एका स्टुलावर बसवलं. दिवे गेले. पहिली खिडकी लागली, पोरगी निघाली. मग भावजींकडे आली, ते केस घेऊन. मग आपली खिडकी.

भिंगरे, काय सांगू. आत असते तेव्हा मला वाटतं किती वेळ ती माझ्याकडे आहे. काठी माझ्या हातात असते, चादर लांबरुंद दिसते, मी तिला चालवते, चालवते. आणि खालून बघितलं तर ती आली, तिचे कान दिसले, तिरका पाय दिसला, आणि गेलीसुद्धा. एवढीच खिडकी गं ती! हाताच्या पंजाएवढी. मला वाटलं माझी सगळ्यांत मोठी असेल.

बाजूला कोणीतरी बाई उभी होती, अनोळखी. मला म्हणाली, "ती मधली पोरगी बघितलीत? तीच एक खरी चालते." मी म्हटलं, "कात्री तशी गेली." ती बघायला लागली माझ्याकडे.

तर आता तुझ्या प्रश्नाचं.

हे तू माझ्या गळ्यात घातलंस ते मला बिलकूल आवडलेलं नाही. तू सांगशील तसं, म्हणे! म्हणजे राहिलीस तर आजीने पाठवलं, आलीस तर आजीने ओढून आणलं. शहाणी आहेस. पंधरा दिवस मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर "ये" असंच दिलं असतं. पेन्सिल उचलली की तेच अक्षर यायचं. ते मी एकदा करून बघितलं, वरच्या मजल्यावरून, शहरासमोर. झालं माझं करून.

राहा.

तीन वर्षं राहा आणि ते काम नीट कर. अर्धं टाकून आलेली माणसं मला घरात नकोत. तिथल्या पोरांना रागावू नकोस, रागवायला माणूस आपलं लागतं, तू तिथे अजून नवीन आहेस. आधी त्यांना खायला घाल.

तुझी खोली मी कोणाला दिलेली नाही आणि देणारही नाही. पण दार लावून घ्यायचे ते आता उघडं ठेवते. पोरांच्या चादरी आणि दिवे तिथेच पडलेले असतात, लंबूचे पायही तिथेच पसरलेले असतात. कपाट हातभर पुढेच आहे. राहू दे म्हटलं.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, आजी, आठवण येते का. मला सवड कुठे आहे? सकाळी डोळ्यांचे थेंब, मग स्वयंपाक, मग ही टोळी, संध्याकाळी खेळ. येते. झालं समाधान?

तुझी, आणि तिकडे कोणी विचारलं तर सांग, तुझीच,

आजी

ता. क. ज्यांच्याकडे खोली घेतली आहेस त्या घरमालकीणबाई खडूस आहेत, सारख्या चौकशा करतात, असं तू लिहिलंयस. मला त्या बाई बऱ्या वाटल्या. म्हणून ह्या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. तू "सगळं छान आहे" लिहिशील आणि ते मला वाचता येत नाही. हे पत्र त्यांच्या हातात दे आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहा. पोरगी जेवते काय, तोंड कधी उतरलेलं असतं, आणि तिला यायला उशीर झाला तर त्या दार लावून घेतात की जाग्या राहतात, हे सगळं मला त्यांनी कळवायचं. त्यांनीच लिहायचं, त्यांच्या हाताने, आणि पाकीटही त्यांनीच चिकटवायचं.